‘इत्ते कुदासाइ’: जा की सांगा?

पत्राचा सारांश: कोल्हापूर जिल्ह्यातल्या २६ वर्षांच्या एका परिचारिकेचं हे पत्र आहे. जीएनएम झाल्यावर त्यांनी चार वर्षं खासगी रुग्णालयात काम केलं. आता वृद्धांच्या देखभालीच्या कामासाठी, म्हणजे ‘काइगो’साठी, जपानला जायचं आहे. दीड वर्षापासून आठवड्यातून तीनदा ऑनलाइन वर्ग आणि उरलेला सगळा वेळ फोनवरचं मोफत शब्दकोश ॲप, असा जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन-४ पातळीचा अभ्यास चालू आहे. त्या लिहितात, “ॲपमधली एन-४ ची पूर्ण यादी पाठ केली. स्वतः शोधलेले धरून २३०० शब्द सेव्ह आहेत. डिसेंबरमध्ये जेएलपीटी एन-४ दिली. एकूण ९५ गुण मिळाले, पास व्हायला ९० पुरतात. तरी नापास, कारण ऐकण्याच्या भागात १७ आले आणि तिथे किमान १९ लागतात. सेन्सेई (जपानीच्या बाई) म्हणतात, आधी ते ॲप काढून टाका. घरचे म्हणतात, सगळं ॲपमध्येच आहे तर फी कशाला भरतेस? मला वाटतं माझी स्मरणशक्तीच कमी आहे. आज शोधलेला शब्द उद्या परत शोधावा लागतो. ॲप सोडू, वर्ग सोडू, की पैसे भरून चांगलं ॲप घेऊ?”

तुम्ही गुण लिहून पाठवलेत ते फार बरं केलंत. नाहीतर मीही ‘धीर सोडू नका, सराव करा’ असं काहीतरी लिहून मोकळी झाले असते.

एकूण ९५, त्यातले ऐकण्याचे १७. म्हणजे शब्द, व्याकरण आणि वाचन मिळून तुम्हाला १२० पैकी ७८ आहेत. त्या भागात किमान ३८ लागतात, तुम्ही दुपटीहून जास्त मिळवलेत. स्मरणशक्ती कमी असलेल्या माणसाला हे जमत नाही. तेव्हा ती तक्रार आधी बाजूला ठेवू. चार वर्षं वॉर्डात काढलीत, किती औषधांची नावं तोंडपाठ असतील तुमच्या! ती काय यादी करून पाठ केली होती? गोळी हातात घेतली, पेशंटला दिली, चार्टवर लिहिली, एकदा डॉक्टरांची बोलणीही खाल्ली असतील, तेव्हा नाव बसलं. जपानी शब्दांना तुम्ही अशी संधीच दिलेली नाही. ते डोळ्यांसमोर आले, त्यांना चांदणी लावली आणि ते यादीत गेले.

ती यादी नेमकी काय आहे, तेही एकदा पाहू. ताकोबोतो असो, जिशो असो, फोनवरच्या पुष्कळशा जपानी शब्दकोशांच्या मुळाशी एकच कोश आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातले जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये तो सुरू केला आणि आज तो ‘जेएमडिक्ट’ या नावाने सगळ्यांना मोफत मिळतो. फार मोठं काम आहे ते, माझी निम्मी रोजीरोटी त्यावर चालते. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, शब्दापुढे दिसणारी ‘एन-४’ची चिठ्ठी परीक्षा घेणाऱ्यांनी चिकटवलेली नाही. २०१० मध्ये जेएलपीटीचं स्वरूप बदललं, चाराच्या पाच पातळ्या झाल्या आणि अधिकृत शब्दयादी देणं तेव्हापासून बंद झालं. आजच्या एन-४ शी जुळणाऱ्या जुन्या तिसऱ्या पातळीसाठी ३०० कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, आणि सुमारे १५०० शब्द असा हिशेब असायचा. ॲपमधल्या याद्या त्या जुन्या हिशेबावर आणि अंदाजावर बेतलेल्या आहेत. त्यामुळे ‘पूर्ण यादी झाली’ याचा अर्थ ‘अभ्यास झाला’ असा होत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. या कोशात अर्थ इंग्रजीत असतो, आणखी काही युरोपीय भाषांत असतो, मराठीत नसतो.

तुम्ही म्हणाल, इंग्रजी येतं की मला. येतं, पण तुम्हाला दुखतं कुठल्या भाषेत?

वृद्धाश्रमातल्या आजी ‘इताइ’ म्हणजे ‘दुखतंय’ एवढंच म्हणून थांबणार नाहीत. त्या म्हणतील ‘झुकिझुकि’. ॲप सांगेल, ‘थ्रॉबिंग’. हा शब्द तुम्ही इंजेक्शनच्या नोंदीत वाचला असेल, कुणाच्या तोंडून ऐकलेला नसणार. मराठीत सरळ आहे, ठसठसतंय. ‘हिरिहिरि’ म्हणजे खरचटल्यावर चुरचुरतं ते. ‘चिकुचिकु’ म्हणजे टोचल्यासारखं होतं ते. ‘मुकामुका’ म्हणजे मळमळ. ‘गानगान’ म्हणजे डोक्यात घण पडतायत. जपानी माणूस दुखणं असं नादातून सांगतो आणि मराठी माणूसही तसंच सांगतो. ठणका, कळ, चमक, उसण, हुळहुळ, झोंबणं: तुमच्या आजीने हे सगळे शब्द वापरले असतील. इतकी तयार सामग्री घरात असताना तुम्ही ती इंग्रजीच्या दुकानात नेऊन, वितळवून परत आणताय, आणि वर म्हणताय लक्षात राहत नाही.

कपड्यांचंही तेच. इंग्रजीत सगळ्याला एकच क्रियापद, ‘वेअर’. जपानीत सदरा ‘किरु’, पँट आणि बूट ‘हाकु’, टोपी ‘काबुरु’, चष्मा ‘काकेरु’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही कटकट वाटते. आपल्याला वाटायला नको. साडी आपण नेसतो, शर्ट घालतो, फेटा बांधतो, चष्मा लावतो. ‘साडी घातली’ म्हटलं की आपल्या कानाला लगेच खटकतं, तसंच जपानी आजीला ‘पँट किरु’ खटकतं. आंघोळीनंतर कपडे घालायला मदत करणं हे तुमचं रोजचं काम असणार, म्हणून हे उदाहरण घेतलं.

आणखी एक, हे तर कामावर महाग पडू शकतं. ॲपमध्ये क्रियापदाशेजारी बारीक अक्षरात सकर्मक की अकर्मक ते लिहिलेलं असतं आणि आपण ते कधी वाचत नाही. ‘ओचिरु’ म्हणजे पडणं, ‘ओतोसु’ म्हणजे पाडणं. ‘कोवारेरु’ मोडणं, ‘कोवासु’ मोडून टाकणं. इंग्रजी ‘ब्रेक’मध्ये दोन्ही मावतात. आपल्याकडे पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे अशा जोड्या लहानपणापासून तोंडात आहेत. पेला ‘ओचिमाशिता’ म्हणजे पडला; ‘ओतोशिमाशिता’ म्हणजे माझ्या हातून पडला. घटनेची नोंद लिहिताना यातला फरक किती मोठा, हे परिचारिकेला मी काय सांगणार?

आता मूळ दुखण्याकडे येते. तुमचे २३०० शब्द डोळ्यांनी शिकलेले आहेत. परीक्षेत ऐकण्याचा भाग एकदाच वाजतो. तिथे शब्दावर बोट ठेवायला काही नसतं. ‘इत्ते’ ऐकू आलं. ॲपमध्ये टाका, ते तुमच्यापुढे ‘इकु’ (जाणं) आणि ‘इउ’ (म्हणणं, सांगणं) दोन्ही ठेवेल, कारण दोन्हींचं ते-रूप, म्हणजे पुढे ‘कुदासाइ’ (कृपया) जोडायचं रूप, ‘इत्ते’च आहे. टोकियोच्या बोलीत दोन्हींचा सूरही सारखा. मग ‘इत्ते कुदासाइ’ म्हणजे ‘जा’ की ‘सांगा’? जपानी माणूस गोंधळत नाही, कारण त्याने त्याआधीचा शब्द ऐकलेला असतो. आधी ‘ए’ किंवा ‘नि’ आलं, म्हणजे कुठल्या तरी ठिकाणाला प्रत्यय लागला, की ते जाणं. आधी ‘तो’ (आपलं ‘असं’) आलं, की बहुतेक वेळा ते म्हणणं. आपली विभक्ती समजा. ‘घरी’ कानावर पडलं की पुढे जाणं-येणं असणार हे आपल्याला वाक्य पुरं व्हायच्या आत कळतं. हे ज्ञान शब्दकोशाच्या नोंदीत राहत नाही, वाक्यात राहतं. ‘किते’चंही असंच: ‘कोको नि किते’ म्हणजे इथे या, ‘शात्सु ओ किते’ म्हणजे शर्ट घाला.

शिवाय लांबी. तुमच्या पत्रातल्या जपानी शब्दांवरून दिसतं की तुम्ही वहीत उच्चार देवनागरीत लिहिता. चांगली सवय आहे, रोमन लिपीपेक्षा कितीतरी बरी. ‘त्सु’ तर आपल्याला आयता मिळालाय, चुलीतला च. पण एक खाच आहे. आपला ‘ओ’ एकाच लांबीचा, ‘आ’ही एकाच लांबीचा. जपानीत ‘कोको’ म्हणजे इथे आणि ‘कोओकोओ’ म्हणजे उच्च माध्यमिक शाळा. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकूच्या वयाची बाई, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. आणि तुमच्यासाठी खास: ‘ब्योओइन’ म्हणजे रुग्णालय, ‘बियोओइन’ म्हणजे ब्युटी पार्लर. वहीत दोन्हीकडे एकच ‘ओ’ लिहिलात तर कान फरक करायला शिकणार नाही. ऐकलेला शब्द ॲपमध्ये सापडत नाही तेव्हा दहातल्या पाच वेळा कारण हेच असतं. लांबी चुकलेली असते आणि आपण ॲपला नावं ठेवतो.

मी शिकले तेव्हा जाडजूड कागदी कोश होते. ‘काना’ या जपानी अक्षरमालेच्या क्रमाने लावलेले, आणि तो क्रम पाहून मला जत्रेत चुलतभाऊ भेटल्यासारखं झालं होतं: अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. आपलीच वर्णमाला! सिद्धम् लिपीतून संस्कृत शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंबरोबर ती तिकडे पोचली. ‘ह’ बसलाय ती जागा आपल्या ‘प’ची, कारण जुन्या जपानीत तो उच्चार ‘प’च होता. असो. सांगायचं हे की, अनोळखी कांजी शोधायची तर आधी २१४ मूलघटकांतला तिचा कुठला ते ओळखायचं, उरलेल्या रेघा मोजायच्या, मग पान काढायचं. पाच मिनिटं सहज जात. पण त्या पाच मिनिटांत मन रिकामं बसत नसे. याचा अर्थ काय असेल, मागच्या ओळीत काय होतं, ही कांजी आधी कुठे भेटली होती, असं काहीबाही चालू असे. शब्द बसायचा तो तिथे. ते दिवस परत यावेत असं अजिबात म्हणत नाही, माझे डोळे गेले त्यात. पण तुमचं ॲप अर्ध्या सेकंदात उत्तर देतं आणि मधली सगळी चुळबुळ खाऊन टाकतं. ती तुम्हाला हाताने परत आणावी लागेल.

म्हणून सेन्सेईंचं निदान मला पटतं, औषध पटत नाही. ॲप काढून टाकून तुम्ही दोन दिवसांत परत घ्याल. त्यापेक्षा वेळ बदला. वर्ग चालू असताना आणि ध्वनिफीत ऐकताना फोन दुसऱ्या खोलीत. अडलेला शब्द वहीत कानाला आला तसा लिहा, शेजारी मराठीत अंदाज लिहा, चुकीचा असला तरी चालेल. रात्री ॲप उघडून त्यातले दहाच शब्द पडताळा. दहापेक्षा जास्त नाही. ज्याचा अंदाज चुकला तो शब्द सगळ्यात पक्का बसतो, असा माझा अनुभव आहे. आणि पडताळताना पहिल्या ओळीवर थांबायचं नाही, नोंद शेवटपर्यंत वाचायची.

पहिल्या ओळीवर थांबण्याची शिक्षा मी भोगली आहे. दुभाषी म्हणून पहिलीच नोकरी, कारखान्यात जपानी पाहुणे आलेले. चहा विचारला, ते म्हणाले ‘केक्कोओ देसु’. माझ्या कोशात पहिला अर्थ होता ‘उत्तम, छान’. मी कप भरला. त्यांनी निमूट प्यायला. पुन्हा विचारलं, पुन्हा ‘केक्कोओ देसु’, पुन्हा कप भरला. तिसऱ्या कपाला त्यांनी हात आडवा धरला तेव्हा कळलं की बिचारे ‘पुरे, नको’ म्हणत होते. तो अर्थही कोशात होता, चौथ्या ओळीत.

तुमच्या क्षेत्रातही असे खड्डे आहेत. ‘पेशंट’ शोधलात तर ‘कान्जा’ मिळेल. शब्द बरोबर आहे, पण तो रुग्णालयातला. देखभाल केंद्रातले आजी-आजोबा कान्जा नव्हेत, ‘रियोओशा’, म्हणजे सेवा घेणारे. आणि हाक मारताना आडनावापुढे ‘सान’. ‘तुम्ही’साठी ॲप ‘आनाता’ देईल. सत्तरीच्या बाईंना ‘आनाता’ म्हणणं म्हणजे आपल्याकडे नव्या नर्सने ‘ए बाई’ म्हणण्यापेक्षा थोडंसंच बरं. आंघोळीचं गरम पाणी ‘आत्सुइ मिझु’ नव्हे, ‘ओयु’. त्याला स्वतंत्र शब्द आहे, ‘मिझु’ म्हणजे गारच. आणि नेमणूक होक्काइदोत झाली आणि आजी ‘कोवाइ’ म्हणाल्या, तर त्या घाबरल्या आहेत असं समजून धीर देत बसू नका. तिकडे ‘कोवाइ’ म्हणजे दमले, अंगात त्राण नाही. नागोयाकडे तेच ‘एराइ’ म्हणून सांगतात, ज्याचा कोशातला पहिला अर्थ ‘थोर’ असा आहे.

घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. वर्ग सोडू नका. ‘आनाता’ म्हटल्यावर कपाळाला आठी घालणारं माणूस ॲपमध्ये नसतं. मात्र सेन्सेईंना सरळ सांगा की मला १९ गुण पाहिजेत, आठवड्यातला एक तास नुसता ऐकण्याला द्या. फी भरताय, मागायचा हक्क आहे. त्या नाहीच म्हणाल्या, तर वर्ग बदलायचा विचार जरूर करा.

पैसे भरून नवं ॲप घेऊ नका. तुमच्याकडे शब्द कमी नाहीत. जेएलपीटीच्या अधिकृत संकेतस्थळावर नमुना प्रश्न आवाजासकट मोफत आहेत. जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ हे पाठ्यपुस्तक जपानमध्ये राहून काम करणाऱ्यांसाठीच केलंय, तेही ध्वनिफितींसह मोफत. ॲपमधला स्पीकरचा आवाज बहुधा यंत्राचा असतो आणि तो एकेक शब्द सुटा, धुऊन-पुसून म्हणतो. माणसं तसं बोलत नाहीत. ‘शिते इरु’चं ‘शितेरु’ होतं, ‘शिते शिमाउ’चं ‘शिचाउ’ होतं. आपल्याकडे ‘काय करतो आहेस’चं ‘काय करतोयस’ होतं तसं.

त्या २३०० शब्दांचं काय करायचं? माझं ऐकाल तर चांदण्या पुसून टाका. जीवावर येत असेल तर राहू देत, पण ती यादी उघडू नका. त्याऐवजी दोनशे पानी वही घ्या आणि तुमचा स्वतःचा जपानी-मराठी कोश सुरू करा. तसा कोश ॲपमध्ये नाही, म्हणजे तुम्हीच करायला हवा. शब्द काना लिपीत, लांबी नीट दाखवून. खाली तो ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य. त्याखाली मराठी, पण शब्दाला शब्द नव्हे, तुमच्या गावातली बाई तिथे जे म्हणेल ते. उदाहरणवाक्य ॲपमधून उचलायचं असेल तर सेन्सेईंना दाखवून घ्या. त्यातली बरीच वाक्यं एका जपानी प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून गोळा करवलेल्या संग्रहातून आलेली आहेत आणि त्यांत चुका राहिल्यात हे ती सांभाळणारेच मान्य करतात.

काइगोसाठी भारतीयांना विशेष कुशल कामगार योजनेची दारं २०२१ च्या करारानंतर उघडली, तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न वाढलाय: एन-४ ऐवजी जेएफटी-बेसिक ही जपानीची दुसरी परीक्षा देऊ का? द्या, चालते, संगणकावर होते. पण तिच्यातही ऐकण्याचा भाग आहे आणि काइगोच्या जपानीची वेगळी परीक्षा दोन्हीकडे द्यावीच लागते. कानाची वाट चुकत नाही. तुम्हाला जुलैची जेएलपीटी जमत असेल तर तीच द्या. दोनच गुण हवे आहेत.

आणि परीक्षेत फीत एकदाच वाजत असली तरी वॉर्डात तसं बंधन नसतं. आजींचं बोलणं कळलं नाही तर जरा वाकून म्हणायचं, ‘मोओ इचिदो इत्ते कुदासाइ’. यात आधी ‘ए’ही नाही आणि ‘तो’ही नाही. कुठलं ‘इत्ते’ आहे ते फोन न उघडता मला कळवा.